गोंगाटापासून अंतर्कर्णाचे रक्षण : स्टेरॉइड उपचारांचा उपयोग व मर्यादा

जवळच झालेला सुरुंगाचा स्फोट, मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंती किंवा कारखान्यातील यंत्रांचा खडखडाट यांनंतर कानात आवाज येऊ लागतो, दडे बसतात. ‘दोन दिवसांत कान मोकळा होईल’ असे म्हणून पुष्कळजण स्वस्थ बसतात. वस्तुतः उपचारांच्या दृष्टीने हेच दिवस मोलाचे असतात.

अंतर्कर्णात शंखाप्रमाणे वेटोळी असलेली नलिका असते. तीमधील सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशींमुळे ध्वनिकंपनांचा संदेश मेंदूकडे जातो. या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. तीव्र आवाजाचा आघात क्षणिक असला, तरी त्यामागून दाह होतो, रक्तपुरवठा मंदावतो आणि पेशींत अपायकारक द्रव्ये साचतात. ही हानी पुढे काही दिवस चालू राहते. स्टेरॉइडला वाव आहे तो याच अवधीत.

स्टेरॉइड औषधे दाह शमवितात. प्राण्यांवरील प्रयोगांत, आवाजापूर्वी किंवा त्यानंतर लवकर डेक्सामेथासोन दिल्यास केशपेशींची हानी कमी होते, असे आढळले आहे. हे औषध पोटात घेता येते. तसेच कर्णपटलातून मध्यकर्णात टोचल्यास ते तेथून अंतर्कर्णात झिरपते आणि उर्वरित शरीरावर त्याचा परिणाम कमी होतो.

तथापि, माणसांबाबतचा पुरावा अद्याप मर्यादित आहे. वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने आलेला बहिरेपणा या औषधाने जात नाही. शिवाय त्याने रक्तातील साखर व रक्तदाब वाढू शकतो, जंतुसंसर्गाचा धोकाही संभवतो. म्हणून ते परस्पर दुकानातून आणून घेणे सर्वथा अयोग्य होय. ऐकू येणे एकाएकी कमी झाल्यास विनाविलंब कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.

खरे संरक्षण प्रतिबंधातच आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांपर्यंत सुसह्य मानला जातो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. यंत्रांजवळ काम करणाऱ्यांना कर्णरक्षक साधने मिळावीत, मिरवणुकीत लहान मुलांना ध्वनिवर्धकांपासून दूर ठेवावे आणि दडे बसलेल्या माणसाला त्वरित दवाखान्याची वाट दाखवावी. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी दक्षता घेतली, तरी अनेकांची श्रवणशक्ती वाचू शकेल.