सूचनाफलकावरची चिठ्ठी

दोस्तांनो, तुमच्या शाळेत सूचनाफलक आहे ना? सहलीची वर्गणी, घटक चाचणीचं वेळापत्रक, सापडलेला डबा, असं काहीबाही त्यावर लावलेलं असतं. १९७६ च्या सप्टेंबरात आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात, माउंट टेंपल नावाच्या शाळेत, १४ वर्षांच्या लॅरी मुलनने अशाच फलकावर एक चिठ्ठी लावली. त्याला बँड काढायचा होता, सोबती हवे होते.

पोरं जमली ती लॅरीच्या घरी, स्वयंपाकघरात! ॲडम क्लेटनकडे बास गिटार होती, पण ती धड वाजवता येत नव्हती. आलेल्यांपैकी शेवटी चौघं टिकली. लॅरी ड्रमवर, ॲडम बासवर, एज नावाने ओळखला जाणारा मुलगा गिटारवर आणि गायला बोनो. दोनदा नाव बदलून १९७८ मध्ये त्यांनी 'यू-टू' हे नाव घेतलं. पुढे हा बँड जगभर गाजला.

आता गंमत बघा. हीच चौघं १५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवायला आली. भारतात त्यांचा हा पहिलाच कार्यक्रम. वयं ५८-५९. आपल्याकडे जिल्हा परिषदेचे गुरुजी ५८ व्या वर्षी हारतुरे घेऊन घरी बसतात! आम्ही तिघं मित्र लातूरहून रात्रीच्या रेल्वेने गेलो होतो. रॉकमधलं आम्हाला फारसं कळत होतं असं नाही, पण ४३ वर्षं एकत्र असलेली माणसं वाजवतात कशी, ते बघायचं होतं.

१९८७ साली निघालेल्या 'जोशुआ ट्री' या त्यांच्या अल्बममधली सगळी गाणी त्या दौऱ्यात ते ओळीने वाजवत. मागे भला मोठा पडदा, त्यावर वाळवंटाची चित्रं. ए. आर. रहमानही आपल्या दोन मुलींना घेऊन मंचावर आले. आवाज एवढा, की मी दोन गाण्यांपुरता कानात कापूस घातला. पण खरं बघण्यासारखं निराळंच होतं.

एजची गिटार प्रतिध्वनीवर चालते, बरं का. औशाच्या किंवा कंधारच्या किल्ल्यात तटापासून साधारण ५७ मीटर लांब उभं राहून हाक मारा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे तुमचीच हाक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात परत येईल. एजच्या पायाशी असलेलं यंत्र असंच करतं. त्याने एक स्वर छेडला की तो थोड्या वेळाने पुन्हा वाजतो, आणि मधल्या फटीत तो दुसरा स्वर बसवतो. एक माणूस वाजवतोय, पण दोघं वाजवताहेत असं वाटतं. मात्र लॅरीचा ठेका जरा पुढेमागे झाला, तर त्या प्रतिध्वनीची नुसती खिचडी! म्हणून एकाने दुसऱ्याचं ऐकलंच पाहिजे. चौघांचं ते ऐकणं आम्हाला लांबून, पडद्यावर का होईना, दिसत होतं. मान जराशी वळायची, भुवई उडायची, की पुढची ओळ सुरू.

हे आपल्याला नवीन आहे का? सप्ताहात भजन रंगलं की मृदंगवाल्या आजोबांकडे बघा. चाल म्हणणारे बुवा श्वास कुठे घेणार, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. टाळकरी बुवांच्या हाताकडे बघून लय चढवतात. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात कीर्तन ऐकायला बसलात, तर तबलावाल्याची नजर कुठे आहे तेही पाहा. पालकहो, मुलांना अशा वेळी मागे बसवू नका, वादकांचे चेहरे दिसतील असं पुढे न्या.

नेरुळचा कार्यक्रम हा त्या दौऱ्यातला शेवटचा. पुढे २०२३ च्या सप्टेंबरपासून २०२४ च्या मार्चपर्यंत यू-टूने अमेरिकेत लास व्हेगास इथे ४० कार्यक्रम केले. पण चिठ्ठी लावणारा लॅरीच त्यात नव्हता. शस्त्रक्रियेमुळे त्याला घरी थांबावं लागलं, आणि ड्रमवर नेदरलँड्सचा ब्रॅम व्हॅन डेन बर्ग बसला. त्याने काम चोख केलं. तरी एवढ्या वर्षांच्या सवयीने एजची मान ड्रमकडे वळत असेल, तेव्हा तिथे दुसराच चेहरा दिसत असणार.

आमच्या गावच्या मंडळात मृदंग वाजवणाऱ्या आजोबांनी सत्तरी ओलांडलीय. त्यांच्या शेजारी शिकायला म्हणून अजून एकही पोरगं बसलेलं नाही. तुमच्या गावात कोण बसतं?