त्र्यंबकेश्वर परिसर : तीर्थ, प्रवास आणि खाद्यसंस्कृती

त्र्यंबकेश्वर (प्रचलित नाव : त्र्यंबक) हे महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व तीर्थक्षेत्र आहे. नाशिक शहराच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, सह्याद्रीच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या पायथ्याशी ते वसले आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे असून गोदावरी नदीचा उगमही येथेच मानला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या सुमारे १२ हजार होती. श्रावणात, महाशिवरात्रीला व सिंहस्थात मात्र येथे लाखो भाविक येतात. मंदिरांबरोबरच डोंगरी किल्ले, रानभाज्या आणि नागली-वरईवर आधारलेला आदिवासी आहार हीही या परिसराची ओळख आहे.

भूगोल

ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आहे. हा भाग पाणलोटाचा दुभाजक होय. गोदावरी येथून पूर्वेकडे निघते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेकडे वाहत जाऊन अरबी समुद्रास मिळते. पावसाळ्यात येथे धुके व मुसळधार पाऊस असतो. तालुक्यात महादेव कोळी, ठाकर, वारली व कोकणा या आदिवासी समाजांची वस्ती मोठ्या प्रमाणावर आहे. ब्रह्मगिरीच्या उतारावरील छोट्या वस्त्यांना 'मेट' म्हणतात. किल्ल्याच्या राखणीसाठी डोंगराच्या कमरेला वसविलेली चौकी असा या शब्दाचा मूळ अर्थ आहे.

आख्यायिका

पुराणकथेनुसार दीर्घ दुष्काळात गौतम ऋषींनी येथे तप केले. ते सकाळी भात पेरीत, दुपारपर्यंत तो पिकत असे आणि त्यावर आश्रमातील ऋषिमुनींचे भोजन होई. शेतात शिरलेली गाय हाकताना ती मृत्यू पावली. त्या पातकाच्या क्षालनासाठी त्यांनी शंकराची आराधना करून गंगा पृथ्वीवर आणली. निसटू पाहणारा प्रवाह त्यांनी कुश नावाच्या गवताने अडविला, ते स्थान म्हणजे कुशावर्त. यावरून गोदावरीस गौतमी असेही म्हणतात. भात, दुष्काळ आणि पाणी यांभोवती ही कथा रचलेली आहे, हे येथील शेती पाहताना लक्षात घेण्याजोगे आहे.

इतिहास

ब्रह्मगिरीवरील त्र्यंबकगड यादवकाळापासून महत्त्वाचा होता. १६३६ मध्ये शहाजीराजांनी मोगलांशी केलेल्या तहात सोडलेल्या किल्ल्यांत त्याचा समावेश होता. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी तो शिवाजी महाराजांसाठी जिंकला. १८१८ मध्ये किल्ला ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. देवस्थानाशी संबंधित असलेला 'नासक' हा प्रसिद्ध हिराही तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, त्याच वर्षी, त्यांच्या हाती पडून इंग्लंडला गेला. १८५७ च्या उठावाच्या काळात भिल्ल व ठाकर समाजातील लोकांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला होता.

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला.

प्रेक्षणीय स्थळे

त्र्यंबकेश्वर मंदिर : सध्याचे मंदिर नानासाहेब पेशवे यांनी जुन्या मंदिराच्या जागी बांधावयास घेतले. १७५५ मध्ये सुरू झालेले काम १७८६ मध्ये पूर्ण झाले. काळ्या बसाल्ट दगडातील हे बांधकाम नागर शैलीचे असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते संरक्षित केले आहे. येथे नेहमीप्रमाणे वर आलेले लिंग नसून खोलगट भागात ब्रह्मा, विष्णू व महेश यांची प्रतीके मानली जाणारी अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. दर सोमवारी देवाचा पंचमुखी मुखवटा पालखीतून कुशावर्तावर नेला जातो.

कुशावर्त : गावाच्या मध्यभागी असलेले हे चौकोनी, दगडी ओवऱ्यांचे कुंड आहे. अठराव्या शतकात होळकरांचे फडणीस पारनेरकर यांनी ते बांधले. सिंहस्थातील शैव आखाड्यांचे स्नान येथे होते. वैष्णव आखाड्यांचे स्नान नाशिकच्या रामकुंडात होते.

संत निवृत्तिनाथ समाधी : ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू व गुरू निवृत्तिनाथ यांनी १२९७ मध्ये येथे समाधी घेतली. ब्रह्मगिरीवरील गुहेत त्यांना गहिनीनाथांकडून उपदेश मिळाला, अशी परंपरा आहे. वारकऱ्यांसाठी हे स्थान पंढरपूर व आळंदी यांच्याबरोबरीने पूज्य आहे.

ब्रह्मगिरी, गंगाद्वार व दुर्गभांडार : गंगाद्वारापर्यंत सातशेहून अधिक पायऱ्या आहेत. ब्रह्मगिरीच्या माथ्यावरून पुढे कातळात कोरलेल्या अरुंद जिन्याने दुर्गभांडारकडे जाता येते. पावसाळ्यात हे कातळ निसरडे होतात. त्या दिवसांत वाटाड्या सोबत घेणे हितावह ठरते.

अंजनेरी : नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरील हा डोंगर हनुमानाचे जन्मस्थान मानला जातो. पायथ्याशी यादवकालीन हिंदू व जैन मंदिरांचे अवशेष आहेत. 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही दुर्मीळ वनस्पती या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते. नाणेशास्त्रास वाहिलेली संशोधन संस्था व तिचे संग्रहालयही येथे आहे.

हरिहर : उभ्या कड्यात कोरलेल्या पायऱ्यांमुळे गिर्यारोहकांत प्रसिद्ध असलेला किल्ला. सुट्टीच्या दिवशी या पायऱ्यांवर फार गर्दी होते. पहाटे चढाई सुरू करणे सोयीचे असते.

यात्रा व उत्सव

पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांची यात्रा भरते. नाशिक, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून दिंड्या पायी येतात. आषाढी वारीसाठी निवृत्तिनाथांची पालखी येथूनच पंढरपूरला प्रस्थान ठेवते. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची सुमारे २० किलोमीटरची प्रदक्षिणा करण्याची प्रथा आहे. त्रिपुरी पौर्णिमेस विंचूरकर सरदारांनी अर्पण केलेल्या लाकडी रथातून देवाची मिरवणूक निघते. गुरू सिंह राशीत असताना, बारा वर्षांनी, सिंहस्थ कुंभमेळा भरतो. २००३ व २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येतो.

खाद्यसंस्कृती

त्र्यंबकेश्वरच्या खाण्याचे तीन प्रवाह सांगता येतात : तीर्थक्षेत्राचे, बाजारपेठेचे आणि डोंगरातले.

तीर्थक्षेत्राचा स्वयंपाक : नारायण नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध इत्यादी विधींसाठी येणारे यजमान परंपरेने तीर्थोपाध्यायांच्या घरी उतरत. यजमानांच्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असलेल्या वह्या या घरांत जपल्या आहेत. येथील पंगतीत कांदा-लसूण वर्ज्य असतो. वरण-भात, तूप, भाजी, कोशिंबीर हे रोजचे जेवण. श्राद्धविधीला तांदळाची खीर व उडदाचे वडे करतात. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, भगर व शेंगदाण्याची आमटी सर्वत्र मिळते.

बाजारपेठ : मंदिराच्या वाटेवर पेढे, चिवडा, बटाटेवडा व चहा यांची दुकाने आहेत. नाशिकची तिखट मिसळ त्र्यंबक रस्त्यावरील अनेक उपाहारगृहांत पापडासह मिळते. मे महिन्यात करवंदे व जांभळे, पावसाळ्यात भाजलेली कणसे आणि भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा रस्त्याकडेला विकल्या जातात.

डोंगरातले अन्न : खाचरांत भात आणि उताराच्या वरकस जमिनीवर नागली (नाचणी), वरई, उडीद व खुरासणी ही येथील पारंपरिक पिके होत. पालापाचोळा व शेणी जाळून भाजलेल्या जमिनीत, म्हणजे राबात, रोपे तयार करतात आणि पाऊस स्थिरावल्यावर त्यांची आवणी करतात. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी व उडदाची आमटी हे नेहमीचे जेवण असते. नागलीचे पापड व आंबील घरोघरी करतात.

उपवासाची भगर म्हणजे याच वरईचा कोंडा काढलेला दाणा. पूर्वी हे काम उखळात होई. आता नाशिक जिल्ह्यातील भगर गिरण्यांत होते. शहरी घरांत एकादशीला किंवा शिवरात्रीला खाल्ले जाणारे हे धान्य त्र्यंबक, इगतपुरी, पेठ व सुरगाणा या तालुक्यांतील आदिवासी शेतकऱ्यांच्या उतारावरील शेतांत पिकते. देवाच्या आणि डोंगराच्या स्वयंपाकाचा मेळ तेथे बसतो.

पावसाच्या प्रारंभी रानभाज्यांचा हंगाम सुरू होतो. शेवळे, कुर्डू, टाकळा, करटुले, भोकर व बांबूचे कोवळे कोंब यांचा त्यांत समावेश होतो. शेवळ्याने घसा खाजतो, म्हणून तो काकड या झाडाच्या आंबट फळांसह किंवा चिंचेसह शिजवितात. ओळख नसताना रानभाजी स्वतः तोडू नये. आठवडे बाजारात विकणाऱ्या स्त्रियांकडून ती घ्यावी व करण्याची रीतही विचारून घ्यावी.

पाणी व पर्यावरण

भरपूर पावसाच्या या तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात पाणीटंचाई भासते. याचे मुख्य कारण भूरचनेत आहे. बसाल्टचा कठीण कातळ आणि तीव्र उतार यांमुळे पाणी फारसे मुरत नाही, वेगाने वाहून जाते. गोदावरीचे पाणी गंगापूर धरणात साठून नाशिकला मिळते, तर ऊर्ध्व वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. मेटांवरील स्त्रियांना मात्र एप्रिल-मेमध्ये आटलेल्या विहिरींतून व झिऱ्यांतून हंडे भरावे लागतात. जंगल व माती टिकली तरच झरे टिकतात. त्यामुळे ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झालेल्या उत्खननास २०२१ मध्ये स्थानिक रहिवासी व पर्यावरणप्रेमींनी विरोध केला. गावात गोदावरीचे पात्र काही ठिकाणी काँक्रीटच्या आच्छादनाखाली गेले असून ते मोकळे करण्याची मागणीही होत आली आहे. उगमाजवळची नदी वाहती राहण्याचा प्रश्न सिंहस्थाच्या नियोजनाशी थेट जोडलेला आहे.

प्रवासाची माहिती

जवळचे मोठे रेल्वेस्थानक नाशिक रोड असून ते सुमारे ४० किलोमीटरवर आहे. नाशिक शहरातून राज्य परिवहनाच्या बसगाड्या दिवसभर सुटतात. विमानतळ ओझर येथे आहे. मुंबईहून इगतपुरी-घोटीमार्गे किंवा जव्हारमार्गेही येता येते. डोंगर व पायवाटांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रानभाज्या व धबधब्यांसाठी जून ते सप्टेंबर. सोमवार, श्रावण व सलग सुट्ट्या टाळल्यास दर्शन लवकर होते. प्लॅस्टिकच्या बाटल्या डोंगरावर न टाकता परत आणाव्यात. तेथे टाकलेला कचरा पहिल्याच पावसात नदीत उतरतो.