क्षितिजावर वीज चमकली, मग पाऊस गेला कुठे?

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बसमध्ये ऐकता ऐकता रेंज गेली असेल, त्यांच्यासाठी खास.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. मलकापूरकडच्या सपाटीवर आमचं कोरडवाहू शेत आहे. मी नववीत असताना जूनमध्ये सलग तीन रात्री उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला विजा चमकत होत्या. आबा म्हणाले, "इज चमकून राह्यली, आता येतेच पानी." एक हलकी सर आधी येऊन गेलीच होती. बाबांनी पेरणी उरकली. पुढचे दोन आठवडे थेंब नाही. दुबार पेरणी काय असते, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. बियाणं पुन्हा उधारीवर आणलं.

मला तेव्हापासून एकच प्रश्न पडलेला: वीज दिसत होती, मग पाऊस गेला कुठे? त्याचं उत्तर क्षितिजात आहे.

पृथ्वी गोल आहे, म्हणून जमीन आपल्यापासून खाली वळत जाते. तुमची नजर जिथे जमिनीला जेमतेम चाटून पुढे निघून जाते, ती जागा म्हणजे क्षितिज. ते किती लांब, हे ठरतं मुख्यतः तुमच्या डोळ्याच्या उंचीवर. सूत्र सोपं आहे: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. (बहुतेक फोनमध्ये कॅल्क्युलेटर आडवा धरला की वर्गमूळाचं बटण दिसतं.) हा ३.५७ आकडा पृथ्वीच्या ६,३७१ किलोमीटर त्रिज्येतून येतो. चंद्रावर उभे राहिलात तर क्षितिज बरंच जवळ येईल, कारण तो गोळाच लहान.

धुऱ्यावर उभ्या माणसाचा डोळा साधारण १.६ मीटरवर. म्हणजे क्षितिज फक्त साडेचार किलोमीटरवर! नांदुऱ्याची १०५ फुटी हनुमान मूर्ती सगळ्यांनी पाहिलीय. तिच्या डोक्याच्या उंचीवरून, म्हणजे ३२ मीटरवरून, ते २० किलोमीटरवर जातं. मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला या. खालच्या सपाटीपासून हिशेबापुरते ३०० मीटर धरले तर ६२ किलोमीटर. उंची चौपट केली की अंतर दुप्पट होतं, चौपट नाही. इथे बरेच जण फसतात.

हवा प्रकाशाला थोडा खाली वाकवते, त्यामुळे खरं क्षितिज या हिशेबापेक्षा साधारण आठ टक्के लांब असतं. आणि लोणारला गेलात तर सूत्र गुंडाळून ठेवा. विवराच्या तळाशी चारी बाजूंनी काठच दिसतो, क्षितिज-बितिज काही नाही.

आता खरी गोष्ट. समोरची वस्तूसुद्धा उंच असेल तर दोघांची अंतरं जोडायची. घाटातून स्वच्छ दिवशी सातपुड्याची निळी रेघ दिसते ती म्हणूनच. तिकडचे डोंगरही जमिनीतून वर उठलेत ना! बहुतेक दिवशी ती दिसत नाही, तो दोष धुळीचा आणि धुक्याचा, गोल पृथ्वीचा नव्हे.

मग ढगाचं काय? मोठ्या वादळी ढगाचा माथा १२ किलोमीटर, म्हणजे १२,००० मीटर उंच असू शकतो. करा वर्गमूळ. ३९० किलोमीटर येतात! मलकापूरहून खंडवा सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, भोपाळ तीनशेच्या. हवा स्वच्छ असेल तर खंडव्यावरच्या ढगातली वीज आपल्याला सातपुड्याच्या मागेच चमकल्यासारखी वाटते. रात्री तर अंतराचा अंदाजच येत नाही. आबांनी पाहिलेली वीज खरी होती. पाऊसही पडला असेल, दुसऱ्याच कुणाच्या तरी शेतात.

गडगडाट मात्र फार लांब जात नाही, साधारण १५ ते २० किलोमीटर. म्हणून वीज दिसली आणि आवाज अजिबात आला नाही, तर तो ढग तुमचा नाही असं समजा. आवाज आला तर सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. आणि मोजायचं ते घरात बसून, झाडाखाली उभं राहून नाही. जवळ आलेला ढगही पडेलच याची खात्री नसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ते त्यासाठीच.

मागच्या जूनमध्ये पुन्हा उत्तरेला चमकायला लागलं. बाबा ओट्यावर बसून होते. मी विचारलं, "आवाज येतोय का?" ते जरा वेळ कान देऊन थांबले, मग म्हणाले, "नाही. बियाण्याची पोती राहू दे आतच."