डोळ्यांदेखत

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात हात घातला की काय लागेल याचा नेम नसतो. मागच्या पावसाळ्यात मला तिथे एक खिशात मावेल एवढी रहस्यकथा मिळाली. मुखपृष्ठ गायब, शेवटची पानं गायब, लेखकाचं नाव कुठेच नाही, आणि कागद पापडासारखा ठिसूळ. पहिल्या पानावर भाड्याने पुस्तकं देणाऱ्या कुठल्याशा लायब्ररीचा पुसट जांभळा शिक्का. आणि समासात? समासात माणसंच माणसं! पान १४ वर कोणी पेन्सिलीने लिहिलंय, ‘खुनी मेहुणा’. त्याच्याच खाली निळ्या शाईत दुसरं अक्षर, ‘शक्य नाही, तो तर नाशिकला होता’. पुढे पान ७० वर तिसऱ्याच कोणाची लाल पेन्सिल, ‘तिकीट पाहिलं कोणी?’

हे तिघं एकमेकांना कधी भेटले असतील? बहुधा नाही. एकाने पुस्तक परत केलं, दुसऱ्याने नेलं. तरी भांडण काय रंगलंय! ज्या लेखकाने ते लावून दिलं तो तर त्यांच्यापैकी कोणालाच ओळखत नव्हता. अनोळखी माणसाच्या हातात पेन्सिल देण्याची ही करामत होते तरी कशी?

मराठीत या करामतीचा विषय निघाला की पहिलं नाव येतं बाबूराव अर्नाळकरांचं. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६. त्यांनी लिहिलेल्या रहस्यकथा हजाराहून जास्त. लेखनाची पन्नास वर्षं धरली तरी हिशोब करून बघा, दर अठरा दिवसांनी एक पुस्तक! आपल्याकडे लग्नाची पत्रिका छापून यायला कधी कधी याहून जास्त दिवस लागतात. त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड, त्यांची धनंजय-छोटू ही जोडी, यांच्यासाठी मुलं भूगोलाच्या पुस्तकात रहस्यकथा लपवून बसायची. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला, आणि पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, दारा बुलंद अशी नावं एका पिढीच्या तोंडी बसवली.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटते ती वेगळीच गोष्ट. अर्नाळकरांचा पोटापाण्याचा धंदा कोणता होता? मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आणि ज्या शेरलॉक होम्सच्या वळणावर त्यांनी धनंजय घडवला, त्याचा जनक आर्थर कॉनन डॉईल कोण होता? डोळ्यांचा डॉक्टर! १८९१ मध्ये व्हिएन्नाला जाऊन तो नेत्रविद्या शिकून आला आणि त्याने लंडनमध्ये दवाखाना थाटला. रोगी फिरकेनात, म्हणून रिकाम्या वेळात होम्सच्या कथा लिहीत बसला. एक डोळ्यांचा डॉक्टर, एक चष्मेवाला. योगायोग असेल, पण मला त्यात रहस्यकथेची किल्लीच दिसते, कारण हा सगळा खेळ डोळ्यांचा आहे.

एक गंमत करून बघा. डावा डोळा मिटा. दोन्ही हात समोर लांब करून अंगठे शेजारी-शेजारी उभे धरा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे टक लावून पाहा आणि नजर न हलवता उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवा. साधारण वीतभर अंतराच्या अलीकडेच त्याचं टोक नाहीसं होतं! डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात असं एक भोक आहे. मग आपल्याला ते जन्मभर दिसत कसं नाही? मेंदू आजूबाजूचा रंग ओढून ते भरून टाकतो आणि आपल्याला सांगतही नाही.

लक्षालाही अशीच भोकं असतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांना चेंडू खेळणाऱ्यांची चित्रफीत दाखवली आणि पांढऱ्या सदऱ्यांतले खेळाडू किती वेळा चेंडू देतात ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेलं एक माणूस आलं, छाती बडवून गेलं. जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही!

रहस्यकथाकार नेमका याच भोकांत पुरावा ठेवतो. तो पुरावा लपवत नाही, लपवला तर ती लबाडी झाली. इंग्लंडमधले पाद्री आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियम लिहिले, त्यातला एक हाच: गुप्तहेराला जो धागा सापडेल तो वाचकालाही त्याच क्षणी दिसला पाहिजे. मग काय करायचं? टेबलावर पानाचा डबा, किल्ल्यांचा जुडगा, भिजलेली छत्री आणि अर्धा प्यालेला चहा ठेवायचा, आणि पुढच्याच ओळीत बाहेर किंकाळी! आता छत्री कोणाला आठवते? पाऊस तर दोन दिवस पडलेला नाही. धागा तुमच्या डोळ्यांदेखत ठेवला होता, पण त्याच क्षणी तुम्ही चेंडू मोजत होतात.

अर्नाळकरांच्या सगळ्याच गोष्टी अशा कोड्याच्या नाहीत, हेही सांगायला हवं. झुंजार आणि काळापहाड यांच्या कथांत धाडसच जास्त. पण कोड्याची कथा रचायची तर लिहिणाऱ्याला उलटं चालावं लागतं, आणि ते समजायला आमच्या शहराइतकी चांगली जागा नाही. इथून तीसेक किलोमीटरवर वेरूळ. तिथलं कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, एका अखंड कातळात वरून खाली कोरत आणलं. शिखर आधी, जोतं शेवटी! दंतकथा अशी, की शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही असं राणीने व्रत धरलं, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने शिखरापासूनच काम सुरू केलं. या कामात उडवलेला कपचा परत चिकटवता येत नाही. म्हणजे पहिला घाव घालताना जोत्यातला शेवटचा हत्ती कुठे उभा राहणार, हे डोक्यात पक्कं हवं.

रहस्यकथाही तशीच. कोणी मारलं, का मारलं, कसं मारलं, हे कळस म्हणून आधी ठरतं. मग लेखक एकेक पायरी मागे येतो आणि पहिल्या पानावर पोचतो. १८४१ मध्ये पहिली मानली जाणारी गुप्तहेरकथा लिहिणाऱ्या एडगर ॲलन पोने पाचच वर्षांनी एका निबंधात हेच मांडलं, की शेवट ठरवून मगच लेखणी उचलावी. वाचक सुरुवातीकडून निघतो, लेखक शेवटाकडून. दोघांची गाठ पडते ती मधल्या पानांवर कुठेतरी, अंधारात. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी, तो काळोखा भुयारी रस्ता, आठवा. वाटाड्या दिवा विझवतो, भिंतीला धरून चालताना आपल्याला दोन वाटा एकसारख्याच वाटतात, आणि ज्याने ती अंधारी खोदली त्याला मात्र कुठली वाट खंदकात उतरते ते ठाऊक असतं.

तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, ते का? बर्लिनमध्ये ब्ल्यूमा झायगार्निक नावाची तरुण संशोधक होती. म्हणतात की हॉटेलातल्या वेटरांना बिल न भरलेल्या टेबलाची सगळी ऑर्डर पाठ असते आणि बिल भरताक्षणी ती पुसली जाते, यावरून तिचा शोध सुरू झाला. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या प्रयोगांत, मध्येच थांबवलेली कामं लोकांना पुरी केलेल्या कामांपेक्षा कितीतरी जास्त आठवली. अर्धवट प्रकरण म्हणजे न भरलेलं बिलच! माझ्या पुस्तकात पान ६१ वर मेहुणा पहिल्यांदाच नाशिकला जायचं नाव काढतो आणि तिथेच प्रकरण तुटतं. त्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे. जालन्याच्या बसमध्ये कोणाचा तरी थांबा आला असेल, आणि तो माणूस उतरून घरापर्यंत ते न भरलेलं बिल डोक्यात घेऊन गेला असेल.

हे बिल वाचक लेखकाकडून कसं वसूल करतात ते डॉईलला विचारावं. १८९३ मध्ये त्याने होम्सला धबधब्याच्या कड्यावरून ढकललं. वाचक खवळले, पत्रांचा पाऊस पडला. शेवटी १९०३ मध्ये त्याला होम्सला जिवंत परत आणावं लागलं. दहा वर्षं मेलेला माणूस वाचकांच्या हट्टापायी उठून उभा राहिला!

माझ्या पुस्तकातल्या वाचकांपैकीही एक जण साधा नव्हता. हे मला काल रात्री कळलं, तेही चौथ्या वाचनात. नाशिकचा पहिला उल्लेख पान ६१ वर येतो, आणि निळ्या शाईची ओळ आहे पान १४ वर! म्हणजे तो पुढचं सगळं वाचून मागे आला होता. पेन्सिलवाला अंदाज बांधत होता, पण निळ्या शाईवाल्याला उत्तर ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याने पुढच्या वाचकासाठी तिथे एक वाक्य ठेवलं. ते मेहुण्याला वाचवायला ठेवलं की आपल्याला चकवायला? शेवटची पानं माझ्याकडे नाहीत. त्या ओळीखाली अजून दोन बोटं जागा कोरी आहे.