ब्रेकमागचे तर्कशास्त्र

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तयार होणाऱ्या वाहनात पोलाद व रबर यांच्या जोडीला आणखी एक माल भरला जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. 125 सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना 1 एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीची झाली. चाक किती रोखावे आणि केव्हा सोडावे, हा निर्णय तेव्हापासून एका चिमुकल्या संगणकाकडे गेला.

तो चुकणार नाही याची हमी कोणी द्यावी? चाचणीत चूक सापडते. चूक उरली नाही, हे मात्र चाचणीने सिद्ध होत नाही. म्हणून यंत्राने काय करावे हे गणिताच्या काटेकोर भाषेत लिहून ते वर्णन संगणकाकडूनच तपासून घेण्याची विद्या निघाली. तिची अडचण स्मृतीची, म्हणजे मेमरीची. चालू-बंद होणारे दहा स्विच घेतले तर 1,024 स्थिती संभवतात. वीस घेतले तर दहा लाखांहून अधिक. तीस घेतले तर 107 कोटी! आणि वाहनात तीसच स्विच असतात असे थोडेच आहे?

यावर 1986 साली रँडल ब्रायंट यांनी दिलेला उपाय कोणत्याही कारकुनाला पटेल. तोच मजकूर पुन्हा आला की तो ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळा होतो. तसा समान भाग एकदाच साठवायचा आणि पुढे त्याकडे बोट दाखवायचे. ‘स्पिन’ या साधनाने आणखी एक युक्ती केली. वर्णन दरवेळी नव्याने वाचत न बसता त्यातून तपासणीचा स्वतंत्र प्रोग्रामच तयार करायचा.

वाहनातील संगणकाची शिस्त याहून कडक. ब्रिटनमध्ये 1998 साली निघालेल्या ‘मिस्रा’ नियमावलीने धावत्या प्रोग्रामला नवी स्मृती मागण्यास मनाई केली. लागेल ती जागा आधीच राखायची. ऐन ब्रेकच्या क्षणी ‘जागा शिल्लक नाही’ हे उत्तर परवडणारे नाही.

ही विद्या पुण्याला परकी नाही. झुरिकमध्ये पास्कल-पी कंपायलर रचणाऱ्यांपैकी एक, केसव नोरी, पुढे पुण्यात 1981 साली स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात आले. तरीही आपल्या परीक्षांत प्रोग्राम लिहायला सांगतात. त्याने काय करावे आणि काय कदापि करू नये, हे आधी लिहून सिद्ध करायला क्वचितच सांगतात. आकुर्डी-निगडीचे विद्यार्थी उद्या चाकणच्याच कारखान्यांत जाणार आहेत. हा प्रश्न त्यांच्या प्रश्नपत्रिकेत सक्तीचा हवा.