गुळाची परीक्षा आणि एक बुडबुडा

कोल्हापूरचा गूळ तुमच्या परिचयाचा आहेच. त्याचा एखादा रवा टणक राहतो, तर एखादा पावसाळ्यात पाघळतो. असे का? ऊस तोडून गाळायला उशीर झाला, की त्यातील सुक्रोजचे काही रेणू फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. या शर्करा, विशेषतः फ्रुक्टोज, हवेतील ओलावा ओढून घेतात. तेव्हा गूळ टिकेल की नाही हे पाहण्यासाठी तिन्ही शर्करा वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

हे काम द्रव-वर्णलेखनाने होते. बारीक कणांनी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून, म्हणजे स्तंभातून, पंपाने शुद्ध पाणी सतत ढकलतात. त्यात गुळाच्या द्रावणाचा थेंब सोडला, की शर्करा कमीअधिक वेगाने सरकत एकामागून एक बाहेर पडतात. तेथे शोधक असतो. शर्करा तर रंगहीन! म्हणून शोधक वक्रीभवनांक पाहतो. शर्करा आली, की प्रकाश किंचित अधिक वाकतो व आलेखावर उंचवटा उमटतो.

पण शोधकाला साखर कळत नाही, बरे का. त्याला फक्त प्रकाशाचे वाकणे कळते. सोडावॉटरची बाटली उघडताच दाब उतरतो आणि बुडबुडे येतात. तसेच स्तंभातून बाहेर पडताना पाण्याचा दाब उतरतो आणि विरघळलेली हवा सुटते. एक बुडबुडा गेला, की खोटा उंचवटा! म्हणून पाणी आधी गाळून, निर्वात पंपाने त्यातील हवा काढतात.

दुसरा शत्रू तापमान. पाणी १° से. ने तापले, तर वक्रीभवनांक सुमारे ०.०००१ ने घटतो. लिटरभर पाण्यात सुमारे ०.७ ग्रॅम साखर विरघळल्याने तो तेवढाच वाढतो! म्हणून स्तंभ व शोधक स्थिर तापमानावर ठेवून, आलेखाची रेघ सरळ होईपर्यंत नुसते पाणी वाहू देतात.

आता नमुना. गुऱ्हाळात भेंडीचा चीक घालून काहिलीतील मळी काढतात, तरी गुळात सूक्ष्म कण उरतातच. ते स्तंभ तुंबवतात. म्हणून गुळाचे द्रावण ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून गाळतात.

घरी एक प्रयोग करा. पेल्यात गार पाणी भरून उन्हात ठेवा. थोड्या वेळाने काचेला बुडबुडे चिकटलेले दिसतील. दुसऱ्या पेल्यात गुळाचा खडा टाकून प्रकाशासमोर धरा. खड्याखाली थरथरत्या रेघा दिसतील. आता सांगा, शोधकाची रेघ हलली, तर दोष गुळाला द्याल, की आधी पाणी तपासाल?