रिकाम्या हातांची श्रद्धा : लिझ्यूच्या संत तेरेजाच्या विचारातील ईश्वरी दया

ईश्वर न्यायी आहे आणि ईश्वर दयाळू आहे, ही दोन विधाने कॅथॉलिक धर्मशास्त्र प्रारंभापासून एकत्रच मांडीत आले आहे. शास्त्रग्रंथांत त्यांचा मेळ घालणे शक्य होते. श्रद्धावंताच्या नित्य जीवनात मात्र तो सहज बसत नाही. आपल्या दोषांचा हिशेब ज्याला स्मरतो, त्याने ईश्वरासमोर भीतीने उभे राहावे की भरवशाने, हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःपुरता सोडवावा लागतो. फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेलाइट संन्यासिनी संत तेरेजा (१८७३–१८९७) हिने ह्या प्रश्नाला दिलेले उत्तर विसाव्या शतकातील कॅथॉलिक धर्मजीवनावर खोल परिणाम करणारे ठरले. त्या उत्तराची पार्श्वभूमी, त्याचे स्वरूप आणि त्याला द्यावी लागलेली कसोटी ह्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

१. न्याय आणि दया

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने 'सुम्मा थिओलॉजिए' ह्या ग्रंथात न्याय व दया ह्यांचा संबंध एका व्यावहारिक दृष्टान्ताने स्पष्ट केला. एखाद्याला शंभर नाणी देणे असताना देणाऱ्याने स्वतःच्या द्रव्यातून दोनशे दिली, तर न्यायाचा भंग होत नाही. न्याय पुरा होऊन वर औदार्य उरते. ईश्वराची दयाही न्यायाला बाध न आणता त्याच्या पलीकडे जाते. शिवाय, सृष्टी निर्माण होण्यापूर्वी कोणाचेच ईश्वराकडे काही येणे नव्हते. तेव्हा ईश्वराच्या प्रत्येक कृतीच्या मुळाशी दयाच असली पाहिजे, असे अक्वायनसचे प्रतिपादन आहे.

हा सिद्धान्त मान्य असूनही फ्रेंच धर्मजीवनात पुढे भीतीचे पारडे जड झाले. १६४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यानसेनच्या 'आउगुस्तिनुस' ह्या ग्रंथातून मानवी दुर्बलतेचे व ईश्वरी निवडीचे अत्यंत कठोर चित्र पुढे आले. १६४३ मध्ये आंत्वान आर्नो ह्याने परमप्रसाद वारंवार ग्रहण करण्याविषयी ग्रंथ लिहून, त्यासाठी दीर्घ पश्चात्तापाची व तयारीची अपेक्षा व्यक्त केली. १६५३ मध्ये पोप दहावे इनोसंट ह्यांनी यानसेनच्या मताशी संबद्ध अशी पाच विधाने निषिद्ध ठरविली. तथापि मत निषिद्ध झाले म्हणून मनोवृत्ती बदलतेच असे नाही. एकोणिसाव्या शतकातही मठांतील भगिनींना रोज परमप्रसाद मिळत नसे. पापी जनांच्या वाट्याची शिक्षा आपल्यावर यावी, म्हणून स्वतःला ईश्वरी न्यायाला अर्पण करणाऱ्या संन्यासिनींचे आदर्श त्या काळी मठांतून आदराने सांगितले जात.

२. भीतीकडून भरवशाकडे

तेरेज मार्तँ हिचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी आलाँसाँ येथे झाला. ती चार वर्षांची असताना, १८७७ मध्ये, तिची आई निवर्तली आणि कुटुंब लिझ्यूला राहावयास गेले. बारा-तेरा वर्षांच्या वयात तिला पापशंकेने ग्रासले; साध्या विचारांत व कृतींतही पाप घडले की काय, ह्या शंकेने ती व्याकूळ होत असे. दयेवरील तिचा पुढील भर हा निर्धास्त स्वभावाचा सहजोद्गार नव्हता, हे ह्यावरून दिसून येते.

१८८७ मध्ये पॅरिस येथे तिहेरी खुनाबद्दल देहान्ताची शिक्षा झालेल्या प्रांझिनी नावाच्या इसमासाठी तिने प्रार्थना आरंभिली. त्याने पश्चात्तापाचे कोणतेही चिन्ह दाखविले नाही तरी ईश्वर त्याला क्षमा करील, असा तिचा विश्वास होता. केवळ स्वतःच्या समाधानासाठी तिने एखादे चिन्ह मागितले. शिरच्छेदापूर्वी अखेरच्या क्षणी त्याने क्रूसाचे चुंबन घेतल्याचे वृत्त तिने वर्तमानपत्रात वाचले. चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात दया ही सर्वप्रथम दुसऱ्याच्या, तीही एका खुनी माणसाच्या, संदर्भात साकार झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

९ एप्रिल १८८८ रोजी तिने लिझ्यूच्या कार्मेल मठात प्रवेश केला. १८९१ मधील एका एकान्तसाधनेच्या वेळी फ्रान्सिस्कन धर्मगुरू आलेक्सी प्रू ह्यांनी, तिच्या दोषांमुळे ईश्वराला दुःख होत नाही, असे तिला सांगितले. हे शब्द तिला मोठा दिलासा देणारे ठरले. त्याच हिवाळ्यात मठात इन्फ्लुएंझाची साथ येऊन तीन भगिनी मृत्यू पावल्या. त्या दिवसांत तिला प्रत्यही परमप्रसाद घेता आला. सर्वसामान्य कॅथॉलिक जनांना दैनंदिन परमप्रसादाची वाट पोप दहावे पायस ह्यांच्या कारकिर्दीत, १९०५ च्या आदेशाने, मोकळी झाली.

३. १८९५ चे समर्पण

९ जून १८९५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणाच्या दिवशी, तेरेजाने स्वतःला ईश्वराच्या दयामय प्रेमाला अर्पण केले. न्यायाला आत्मार्पण करणाऱ्यांच्या थोरपणाविषयी तिला आदर होता. परंतु त्या मार्गाची ओढ तिला नव्हती. ज्या प्रेमाचा जगात सर्वत्र अव्हेर होतो, त्या प्रेमाला स्वीकारणारे कोणी नको काय, हा तिचा प्रश्न होता. ह्या प्रश्नाने समर्पणाची दिशाच पालटली. न्यायाला अर्पण होणारा मनुष्य काही सोसावयास पुढे होतो. दयेला अर्पण होणाऱ्याला आधी घेण्याची तयारी करावी लागते, आणि स्वाभिमानी मनाला घेणे हे सोसण्याइतकेच जड जाते.

ईश्वराच्या न्यायाविषयीही तिचे म्हणणे स्वतंत्र होते. जो न्यायी आहे तो मनुष्याची दुर्बलता विचारात घेतोच. म्हणून ईश्वराचा न्यायदेखील तिला भरवशाचे कारण वाटे. अक्वायनसने तर्काने मांडलेला सिद्धान्त येथे प्रार्थनेच्या अनुभवातून पुन्हा प्रकट झालेला दिसतो.

४. पुण्यसंचयाचा प्रश्न

जीवनाच्या संध्याकाळी ईश्वरासमोर रिकाम्या हातांनी उभे राहण्याची इच्छा तेरेजाने समर्पणाच्या प्रार्थनेत व्यक्त केली आहे. आपल्या कृत्यांची गणती होऊ नये, ईश्वराचेच धर्मत्व आपले वस्त्र व्हावे, असा त्या मागणीचा आशय आहे. वरवर पाहता हे म्हणणे सत्कर्मांच्या पुण्याविषयीच्या कॅथॉलिक शिकवणीशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तसे नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जानेवारी १५४७ मध्ये मंजूर केलेल्या निर्णयात मनुष्याच्या सत्कर्मांचे पुण्य मान्य केले. त्याबरोबरच ते पुण्य मुळात ईश्वराचेच दान आहे, म्हणून कोणीही स्वतःवर विसंबू नये, असेही बजावले. १९९२ च्या अधिकृत कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात पुण्यविषयक विवेचनाच्या शेवटी तेरेजाच्या ह्याच प्रार्थनेतील उतारा दिलेला आहे. जी गोष्ट परिषदेने सावध भाषेत सांगितली, तिचा भावार्थ समजावण्यास तिचे शब्द उपयोगी पडले, असा ह्याचा अर्थ होय.

मग प्रयत्नाचे काय? तिच्या मार्गदर्शनाखालील एका नवदीक्षित भगिनीने पुढे नोंदविलेल्या दृष्टान्तात ह्याचे उत्तर मिळते. जिन्याच्या तळाशी असलेले तान्हे मूल वर जाण्यासाठी पाऊल उचलीत राहते. त्याला पहिली पायरीही चढता येत नाही, तरी ते पाऊल उचलणे सोडीत नाही. अखेर वर उभा असलेला पिताच खाली येऊन त्याला उचलून घेतो. येथे प्रयत्न आवश्यक आहे. मात्र चढाई त्याच्या बळावर होत नाही. तेरेजाचा 'लहान मार्ग' तो हाच.

५. श्रद्धेची कसोटी

एप्रिल १८९६ मध्ये, पवित्र गुरुवार व शुभ शुक्रवार ह्यांच्या मधल्या रात्री, तेरेजाच्या तोंडातून प्रथम रक्त पडले. तो क्षयाचा आरंभ होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या मनातील स्वर्गाविषयीची सहज खात्री नाहीशी झाली आणि मृत्यूपर्यंत ती अवस्था कायम राहिली. दाट धुके आणि अंधारे भुयार ह्या प्रतिमांनी तिने तिचे वर्णन केले आहे. मरणानंतर काहीच नाही, असे कोणी उपहासाने सांगत असल्याचा भास तिला होई.

व्यक्तिगत श्रद्धा म्हणजे काय, ह्या प्रश्नाचा उलगडा येथे होतो. मराठीत विश्वास, श्रद्धा आणि भरवसा हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. तेरेजाच्या अनुभवात त्यांतील भेद स्पष्ट होतो. मनाला वाटणारी खात्री गेली, तरी तिने धर्ममताला दिलेली संमती मागे घेतली नाही. धर्मश्रद्धेचे विधान तिने स्वतःच्या रक्ताने लिहून हृदयाशी बाळगले, आणि त्या एका वर्षात पूर्वीच्या सबंध आयुष्यापेक्षा अधिक वेळा आपण श्रद्धा प्रकट केली, असे नमूद केले. भावनेचा आधार तुटल्यावर जे उरले, तो निव्वळ भरवसा होता. एवढेच नव्हे, तर श्रद्धाहीन माणसांना तिने आपले बांधव मानले, त्यांच्या पंक्तीला बसण्याची तयारी दाखविली आणि त्यांच्यासाठी प्रकाश मागितला. प्रांझिनीसाठी केलेल्या प्रार्थनेत ती काठावरून मदत करीत होती. येथे ती स्वतःच त्या अंधारात होती.

आणखी एक आक्षेप तिने स्वतःच विचारात घेतला होता. १८८८ मध्ये धर्मगुरू पिशाँ ह्यांनी, तिच्या हातून कधीही महापातक घडलेले नाही, अशी ग्वाही तिला दिली होती. अशा निष्पाप व्यक्तीने दयेवर भरवसा ठेवणे सोपे आहे, असे कोणीही म्हणू शकेल. जून-जुलै १८९७ मध्ये लिहिलेल्या आपल्या अखेरच्या हस्तलिखिताच्या शेवटच्या, शक्ती उरली नसल्याने पेन्सिलीने लिहिलेल्या पानांत तिने ह्याचे उत्तर दिले. घडू शकणारी सर्व पापे माथ्यावर असती तरी आपला भरवसा कमी झाला नसता, असा त्याचा आशय आहे. भरवशाचा आधार आपली शुद्धता नसून ईश्वराचा स्वभाव आहे, हा तिच्या विचाराचा गाभा होय.

६. उत्तरप्रभाव

३० सप्टेंबर १८९७ रोजी वयाच्या चोविसाव्या वर्षी तेरेजाचा अंत झाला. बरोबर एक वर्षाने 'एका आत्म्याची कथा' ह्या अर्थाच्या नावाने तिचे लेखन प्रसिद्ध झाले. तिची बहीण मदर आन्येस हिने मजकुरात पुष्कळ फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितांची छायाप्रत १९५६ मध्ये उपलब्ध झाल्यावर अभ्यासकांना तिची स्वतःची भाषा तपासता आली. १९२५ मध्ये तिला संतपद देण्यात आले. ज्या संत फ्रान्सिस झेवियरचे पार्थिव अवशेष जुन्या गोव्यात आहेत, त्याच्या बरोबरीने १९२७ मध्ये ती धर्मप्रसारकार्याची आश्रयदात्री ठरली. एकाने समुद्र ओलांडले होते, दुसरीने दीक्षेनंतर मठाचा उंबरठाही ओलांडला नव्हता. १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तिला धर्माचार्य ही पदवी दिली, आणि २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी भरवसा ह्याच विषयावरील उपदेशपत्र तिच्या शिकवणीच्या आधारे लिहिले.

तेरेजाने कोणताही नवा सिद्धान्त सांगितला नाही. ईश्वराची दया न्यायाच्या विरोधी नाही, हे अक्वायनसने सांगितले होते. पुण्य हे ईश्वराचेच दान आहे, हे ट्रेंटने सांगितले होते. ही शिकवण खरी मानली असता एका माणसाने कसे जगावे आणि, विशेषतः, खात्रीचा प्रकाश मावळल्यावर कसे मरावे, हे तिच्या जीवनाने दाखविले. दया सर्वांसाठी आहे, असे म्हणणे सोपे आहे. ती आपल्यासाठीही आहे, असे रिकाम्या हातांनी मान्य करणे कठीण आहे. कॅथॉलिक परंपरेत व्यक्तिगत श्रद्धेचा कस लागतो तो ह्याच ठिकाणी.